तांदळात लिहिलेले नाव

१२ नोव्हेंबर २००६, भूगाव

अनसूयेला आज रुग्णालयातून घरी आणले. डॉक्टरांनी तिच्या खाण्याची आणि प्रतिसादाची नोंद रोज ठेवायला सांगितली आहे. दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. परंतु नोंद ठेवायचीच असेल तर ती शिस्तीने ठेवावी, म्हणून ही वही.

स्थिती अशी. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली आहे. वाचा गेलेली नाही, मात्र ती क्वचित आणि असंबद्ध बोलते. डॉक्टरांच्या मते तिला जुने आठवते, अलीकडचे आठवत नाही. मुख्य अडचण गिळण्याची आहे. ती पूर्ण सावध असेल तेव्हाच पळीपळीने दाट पेज भरवायची. हाक मारावी, तिने ओ द्यावी, मान उचलावी आणि मगच पळी पुढे करावी. अर्धवट गुंगीत भरवले तर अन्न श्वासनलिकेत उतरते आणि ते जिवावर बेतते. वजन असेच घटत राहिले तर पोटाला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल. तिचे हृदय पाहता त्या शस्त्रक्रियेची डॉक्टरांना खात्री वाटत नाही.

मनीष आणि सूनबाई क्षितिजा दोघेही हिंजवडीला नोकरीस आहेत. आमच्या गृहसंकुलाचे नाव द्वारका. नाव ठेवणाऱ्याने ती नगरी समुद्रात बुडाल्याचे वाचलेले नसावे.

१५ नोव्हेंबर

'अनसूया' या हाकेला ती ओ देत नाही. आज वेगवेगळ्या अंतरांवरून हाक मारून पाहिली.

ऐकू येत नाही असे म्हणावे तर कुकरची शिट्टी झाली की तिची नजर वळते. समजत नाही असे म्हणावे तर 'पाणी' म्हटल्यावर ती पेल्याकडे पाहते. म्हणजे कान शाबूत, अर्थबोधही काही अंशी शाबूत. फक्त स्वतःच्या नावाचा बोध होत नाही. असे का व्हावे याचे कारण मला सापडलेले नाही. कारण सापडेपर्यंत पेज निवत राहते.

क्षितिजेने रजा घेतली आहे. ती 'आई, आई' करीत राहते आणि दिवसातून एखादी वाटी जाते.

१६ नोव्हेंबर

कोशाचे काम पुढे सरकत नाही. इतिहासकाव्यांतील विशेषनामांचा व्युत्पत्तिकोश मार्चअखेर द्यायचे मी प्रकाशकांना कबूल केले आहे. सध्या 'द' चालू आहे. दुर्योधन, दुःशासन, दुःशला. लोकांना वाटते, आईबापांनी मुलांना वाईट नावे ठेवली. 'दुर्' येथे 'कठीण' या अर्थी आहे. ज्याच्याशी लढणे कठीण तो दुर्योधन, ज्याला आवरणे कठीण तो दुःशासन. क्षत्रिय पित्याने अभिमानाने ठेवलेली नावे आहेत ही. शंभर मुलांच्या बापाचा अभिमान एका शब्दात वाचता येतो. आईला ती नावे पसंत होती की नाही, याविषयी ग्रंथात काही नाही.

२१ नोव्हेंबर

वाचा आणि गिळणे यांचे व्यायाम घेणारी जुईली नावाची मुलगी कोथरूडहून येऊ लागली आहे. वय पंचविशीच्या आत, पण प्रश्न नेमके विचारते. आमचे संभाषण असे झाले.

"काका, तुम्ही घरात काकूंना काय म्हणायचात?"

"अगं."

"नाही, म्हणजे नावाने हाक मारताना?"

"नावाने हाक मारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती."

"मग अनसूया असं कोण म्हणायचं?"

मी विचार केला. शेजारी वहिनी म्हणत, विद्यार्थी काकू म्हणत, मुलगा आई म्हणतो. माझे आईवडील 'सूनबाई' म्हणत. शिधापत्रिकेवर नाव आहे, निमंत्रणपत्रिकांवर असे. 'सौ. अनसूया जनार्दन' असे लिहून मी तिला परगावाहून पत्रे पाठवली आहेत.

"लिहिताना वापरात होते," मी म्हणालो.

जुईलीने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या कागदावर काहीतरी टिपले. मग म्हणाली, "काका, लहानपणीचं काही टोपणनाव? माहेरचं?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

हे विधान अचूक नव्हते. परंतु जे नाव चलनातून गेले ते सांगण्यात वैद्यकीय लाभ मला दिसला नाही.

२७ नोव्हेंबर

आज धोंडाबाई आल्या. ज्या जमिनीवर हे संकुल उभे आहे ती त्यांच्या घरची होती. मोबदल्यात मिळालेले दोन फ्लॅट त्यांनी भाड्याने दिले आहेत आणि स्वतः कुंपणापलीकडच्या जुन्या घरात राहतात. माहेर कोळवणचे, म्हणजे अनसूयेच्याच गावचे. दोघी एका वयाच्या. भावाकडे भातझोडणीला गेल्या होत्या, म्हणून आजवर आल्या नव्हत्या. नातवाने जीपमधून इंद्रायणी तांदळाचे अर्धे पोते उतरवून दिले. धोंडाबाई आल्या त्या चपला काढून थेट आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगावर बसून मोठ्याने म्हणाल्या,

"आगं रंभे! डोळं उघाड की. लई झ्वाप झाली तुजी."

अनसूयेने डोळे उघडले, मान वळवली आणि स्पष्ट म्हणाली, "आले."

क्षितिजेच्या हातातली वाटी धोंडाबाईंनी घेतली. "हां, आली न्हवं? मंग आ कर." तिने तोंड उघडले. पूर्ण वाटी पेज गेली. क्षितिजा स्वयंपाकघरात जाऊन रडली असावी, कारण ती बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेले होते.

धोंडाबाई मला म्हणाल्या, "शास्तरीबुवा, तुमी हिला काय म्हनून हाळी देता?"

मी सांगितले.

"ती कोन?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग कपाटाकडे हात करून, "येवढी पुस्तकं हायेत तुमच्याकडं. बायकुच्या नावाचं पान न्हाई व्हय त्यात?"

२८ नोव्हेंबर

आता लिहून ठेवणे भाग आहे. अनसूयेचे माहेरचे नाव रंभा. तिचे वडील कोळवणला भिक्षुकी करीत. त्यांच्या घरामागे केळी होत्या. रंभा म्हणजे केळ, त्यावरून नाव ठेवले असे ते सांगत.

आमचे लग्न १९५७ साली कोळवणला झाले. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि रीतीप्रमाणे मी अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहिले. नाव मी आधीच ठरवले होते. कारण उघड आहे. रंभा ही अप्सरा. तपस्व्याचे तप भंग करण्यासाठी पाठवलेली, शापाने शिळा झालेली. शास्त्र्याच्या घरात ते नाव शोभणारे नव्हते. अनसूया म्हणजे जिच्या ठायी असूया नाही ती, अत्रींची पत्नी, पतिव्रतांत अग्रगण्य. नामांतर प्रत्येक दृष्टीने वरच्या दिशेने झाले होते.

तिने आक्षेप घेतला नाही. घेतला असता तर मी त्याचा विचार केला असता.

३ डिसेंबर

धोंडाबाई दोन्ही वेळा येतात. पेज जाते. कोशात 'प' वर आलो आहे. आज पृथा.

शूर नावाच्या राजाची थोरली मुलगी. शब्दाचा अर्थ विस्तीर्ण, भरदार. निपुत्रिक कुंतिभोजाला बापाने ती देऊन टाकली आणि दत्तक बापाच्या नावावरून ती कुंती झाली. इतिहासकाव्यांतील पुष्कळ राण्यांची हीच कथा आहे. गांधारी म्हणजे गांधार देशाची, कैकेयी केकयांची, माद्री मद्रांची, कौसल्या कोसलांची. गावाचे नाव तेच बाईचे नाव. जन्माचे नाव काय होते, हे ग्रंथकारांनी नोंदवण्याचे कारण नव्हते. पृथा हे सुदैवाने टिकले आणि तेही पुत्रामुळे. अर्जुनाला पार्थ म्हणतात, म्हणजे पृथेचा मुलगा.

क्षितिजा चहा घेऊन आली तेव्हा हे टिपण तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे नाना, तिचं स्वतःचं नाव तिच्याकडे राहिलंच नाही. मुलाला हाक मारताना तेवढं ऐकू यायचं."

मी सांगितले की 'पार्थ' आणि 'कौंतेय' यांची निवड बहुधा वृत्ताच्या सोयीने होते, त्यातून भावार्थ काढू नये.

ती म्हणाली, "ते बरोबरच असेल." पण ती लगेच उठली नाही. मग म्हणाली, "तुम्ही माझं नाव वैदेही ठेवणार होतात ना? मनीषने सांगितलंय मला."

"सुचवले होते. मनीषने नको म्हटले."

"मनीषने नाही. मी." एवढे बोलून तिने कप उचलला.

१० डिसेंबर

क्षितिजेची रजा संपली. सकाळी जाण्यापूर्वी तीच 'रंभाताई' अशी हाक मारून भरवते. ओ मिळते. दुपारी आणि संध्याकाळी धोंडाबाई. मी वाटी धुतो.

काल क्षितिजा म्हणाली, "नाना, तुम्ही एकदा म्हणून बघा ना, रंभा. त्यात काय आहे?"

'त्यात काय आहे' हा प्रश्न साधा नाही. रात्रभर डोक्यात होता, म्हणून सकाळी मांडून पाहिला. शब्दाने अमुक अर्थ दाखवावा ही ईश्वरेच्छा, असे आमचे जुने नैयायिक मानतात. मग परवा जन्मलेल्या मुलाच्या नावात ईश्वरेच्छा कोठून आली? ते उत्तर देतात, बाराव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे अशी श्रुतीची आज्ञा आहे, त्या आज्ञेतून आली. म्हणजे पित्याने ठेवलेल्या नावाला आधार आहे. पतीने तांदळात लिहिलेल्या नावाला कोणत्या वचनाचा आधार आहे?

मला वचन आठवले नाही. तीन ग्रंथ काढून पाहिले, त्यांतही मिळाले नाही. अर्थात वचन नसले तरी आचार आहे आणि आचारही प्रमाण असतो. परंतु आचार कुठवर प्रमाण मानावा, हा विषय मोठा आहे आणि मी थकलो आहे. ग्रंथ परत जागेवर ठेवले.

१९ डिसेंबर

वजन स्थिर आहे. डॉक्टर समाधानी आहेत.

दुपारी धोंडाबाई तिचे केस विंचरीत होत्या आणि आपल्याशीच बोलल्यासारखे बोलत होत्या. मी शेजारच्या खोलीत कोशाची मुद्रिते तपासत होतो.

"लगीन झाल्यावं ही पयल्यांदा माहेरी आली. मी पळत ग्येले, रंभे रंभे करत. ही आपली उंबऱ्यात हुबी. ओ दीना. मी म्हन्लं, आगं काय झालं? तर म्हन्ली, मी आता रंभी न्हाई. म्हन्लं, मंग कोन हायेस? तर म्हन्ली, नीट ध्यानात राहात न्हाई गं, त्येंना इचारून सांगते." मग त्या खूप हसल्या. अनसूयाही हसली. ऐकून हसली की त्यांचे पाहून हसली, हे सांगता येत नाही.

ही हकीकत मी प्रथमच ऐकली. घरात आल्यानंतर तिने मला नावाविषयी काही विचारल्याचे स्मरत नाही. एकदा एवढेच विचारले होते की अनसूया लिहिताना 'सू' दीर्घ काढायचा ना. मी हो म्हणालो होतो आणि तिने विचारून लिहिले याचे मला कौतुक वाटले होते.

२ जानेवारी २००७

धोंडाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकाची शस्त्रक्रिया ठरली. त्या महाळुंग्याला मुलीकडे गेल्या, महिनाभर तिथेच राहतील. जाताना मला दारात उभे करून म्हणाल्या,

"शास्तरीबुवा, म्या न्हाई तवर तुमी हाळी द्या. नाव घेतल्यानं जीब झडत न्हाई कुनाची."

मी म्हणालो की दिवसासाठी परिचारिका नेमली आहे.

"नेमा की. पर ती काय रंभीला वळखती व्हय?"

५ जानेवारी

परिचारिका कामाला चोख आहे. परभणीकडची, पण पुण्यात राहून हिंदी मिसळते. "आजी, मुँह खोलो, आजी." अनसूया ओठ मिटून घेते. परिचारिकेला 'रंभा' म्हणायला सांगितले. तिने "रंभा आजी" अशी हाक मारली. प्रतिसाद नाही.

मनीषने रजा टाकून प्रयत्न केला. दारात उभा राहून तो लहान मुलासारखा अवघडला होता. शेवटी "रंभा" म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चावट मुलगा!" क्षितिजेला हसू आले, मनीषला मात्र आले नाही. "नाना, मला नाही जमत हो. आईला नावाने कशी हाक मारू?"

त्याअर्थी केवळ नाव हे पुरेसे कारण नाही, हे दोन उदाहरणांनी दिसून आले. तेव्हा मी हाक मारून काही साधेलच असे नाही. मी हे क्षितिजेला समजावून सांगितले.

ती म्हणाली, "नाना, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही मारून बघितलेली नाही."

९ जानेवारी

फक्त सकाळची वाटी जाते; क्षितिजा कामावरून परतते तोवर अनसूया गुंगीत गेलेली असते. वजन दोन आठवड्यांपूर्वी होते त्याहून बरेच कमी भरले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहते.

मुद्रिते पडून आहेत.

११ जानेवारी

दुपारी परिचारिका जेवायला गेली असता प्रयत्न केला. खोलीत दुसरे कोणी नव्हते. मी पलंगाशेजारी खुर्ची घेतली, वाटी झाकून जवळ ठेवली. तिचे डोळे उघडे होते. शब्द दोनच अक्षरांचा आहे. आवाज निघाला नाही.

थंडीने घसा धरला असावा. गरम पाणी घेतले.

१४ जानेवारी

काल सबंध दिवस हाक मारणे जमले नाही. आज कोशात 'र' सुरू केला, कारण निदान ते तरी हातून व्हावे. रंभा. टिपण असे लिहिले: 'समुद्रमंथनातून निघालेली अप्सरा. विश्वामित्रांच्या तपोभंगासाठी इंद्राने पाठवली, शाप मिळून शिळा झाली. दुसऱ्या कथेत नलकूबराकडे जात असता रावणाने तिला वाटेत अडवून तिच्यावर बलात्कार केला.'

लिहून झाल्यावर टिपण पुन्हा वाचले. दोन्ही कथांत तिने स्वतःहून काही केलेले नाही. पहिल्या कथेत तर ती इंद्राला सांगते की मला भीती वाटते, मला पाठवू नका. तरी पाठवली गेली आणि शाप तिलाच मिळाला. हा भाग मी विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे शिकवला, पण तिचे हे वाक्य कधी सांगितल्याचे आठवत नाही. त्यात व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही नाही.

वाक्य टिपणात घातले. मग जागेच्या मर्यादेमुळे काढले. नंतर पुन्हा घातले.

१७ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. येत्या सोमवारी नळी बसवायची. धोका त्यांनी स्पष्ट सांगितला. मनीष त्यांना सोडायला खाली गेला, तो बराच वेळ वर आला नाही.

जुईली म्हणाली, "काका, तीन-चार दिवस आहेत. दुपारी कोणीतरी त्यांना दोन वाट्या भरवल्या ना, तर मी डॉक्टरांशी बोलते, थांबायला सांगते. कोणीतरी म्हणजे..." ती थांबली. मोठ्यांपुढे वाक्य अर्धे सोडणे ही हल्लीच्या मुलांची पद्धत आहे.

१९ जानेवारी

आज दुपारी परिचारिकेला मी स्वतः दोन तासांची सुटी दिली. दार लावून घेतले. नाचणीचे सत्त्व क्षितिजा करून गेली होती, ते कोमट केले. उशा लावून तिला बसते केले.

मी म्हणालो, "रंभा."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. पूर्ण सावध नजर होती, जुईली म्हणते तशी.

"कोण?" ती म्हणाली.

खरे उत्तर दिले असते तर पुढे काय झाले असते, याचा अंदाज करता येत नव्हता.

"पुण्याहून आलात का?" तिने विचारले. शब्द थोडे ओढत, पण ओळीने येत होते. "बाबा खाचरावर गेलेत. येतील एवढ्यात. बसा ना."

"बसलो आहे," मी म्हणालो.

तिने माझ्या धोतराकडे, चष्म्याकडे पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाली, "माझं ठरलंय. कळलं का तुम्हाला?"

"नाही."

"पुण्याचं स्थळ आहे. न्याय शिकलेत. जनार्दन नाव." माझे नाव तिच्या तोंडून मी प्रथम ऐकले. उखाण्यातही तिने 'शास्त्रीबुवा' असेच घेतले होते आणि त्यावर बायका हसल्या होत्या. "चांगले आहेत म्हणतात. पण ते नाव बदलणार आहेत. अप्सरेचं नाव चालत नाही त्यांना."

"तुला ते नको आहे?"

"मला कोण विचारतंय?" तिने चटकन दाराकडे पाहिले. "बाबांना सांगू नका हं मी असं म्हणाले ते. बाबा म्हणतात, तांदळातलं नाव, काय होतंय. पण मग धोंडी हाक मारील तेव्हा मी कोणाला ओ द्यायची?"

मी वाटीतले सत्त्व पळीने ढवळले.

ती पुढे झुकली. डावा हात तिने माझ्या मनगटावर ठेवला. "तुमची ओळख आहे का त्यांच्याशी?"

"थोडीफार आहे."

"मग सांगाल का त्यांना? म्हणावं, दागिना नको, रेशमी लुगडंही नको. एवढं राहू द्या. तुम्ही शिकलेले दिसता. तुमचं ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की? विसराल."

"नाही विसरणार."

मग मी पळी पुढे केली आणि तिने तोंड उघडले. अर्धी वाटी गेल्यावर तिला ठसका लागला, म्हणून थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. ओ मिळाली. उरलेली वाटी गेली.

संध्याकाळी क्षितिजेने रिकामी वाटी पाहिली आणि उद्यासाठी जास्तीचे सत्त्व काढून ठेवले. याबद्दल मी तिचा आभारी आहे.

२० जानेवारी

सकाळी क्षितिजा भरवायला निघाली तेव्हा म्हणालो, आज मी भरवतो. ती "बरं नाना" म्हणाली आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन माझ्या हातात स्वच्छ पंचा देऊन गेली.

मी हाक मारली. तिने मला ओळखले, म्हणजे कालचा पाहुणा म्हणून ओळखले. अलीकडचे आठवत नाही, हे डॉक्टरांचे मत येथे लागू पडले नाही. माझी चूळ भरायची होती, तेवढाही धीर तिने धरला नाही.

"सांगितलंत का?"

"सांगितले."

"मग? काय म्हणाले?"

काय सांगावे, याचा विचार मी पहाटेपासून करीत होतो. असत्य टाळून बोलता येईल अशी दोन-तीन वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही वापरले नाही.

"हरकत नाही म्हणाले. रंभाच राहू दे म्हणाले."

तिचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल तर लक्ष दिले नव्हते. ती उशीला टेकली आणि म्हणाली, "मी बाबांना म्हटलंच होतं. शिकलेला माणूस आहे. कोणी विचारलं तर ऐकेल."

मग तिने स्वतःहून तोंड उघडले. ती सावकाश गिळत होती. एक पळी गेली की मान हलवून दुसरी मागत होती. फोन दोनदा वाजला. प्रकाशकांचा असावा. वाटी संपायला जवळजवळ तास लागला. मला दुसरे काही काम नव्हते.